ठोकून बघितलेला जावई

...आणि वर मलाच विचारतात, असं कुणी वागतं का म्हणून! आता तुम्हीच सांगा, ठोकल्याशिवाय कळतं का हो? अहो, निघोज्याला आमच्या कंपनीत गाड्यांच्या सीटच्या फ्रेमा बनतात, आणि माझं आयुष्य गेलं वेल्डिंग तपासण्यात. वरून सगळे टाके सारखेच, गोल, गुळगुळीत! पण आत धरलंय की नुसतंच चिकटलंय, ते बघून नाही कळत. मग लॉटमधला एक पीस उचलायचा, दोन पत्र्यांच्या मधे छिन्नी घालायची आणि हाण हातोडा! टाका सुटला, तर कच्चा. टाका तसाच राहून शेजारचा पत्रा फाटला, तर समजायचं, वा, पक्का! तो पीस जातो भंगारात, जाऊ दे, बाकीचा माल तर सुखानं पुढे जातो.

तर आमची रश्मी. एकुलती एक हं! हिंजवडीला नोकरी, आणि तिथंच भेटलेला हा शार्दूल. रविवारी आला आमच्याकडे, पिंपळे गुरवला. वाकून नमस्कार काय, "काकू, पोहे एकदम मस्त" काय... आमची सुमेधा विरघळलीच! "अहो, किती गुणाचा मुलगा!" म्हटलं, वरून सगळेच गुळगुळीत असतात बाई, ठोकल्याशिवाय कळतं का?

मायलेकी स्वयंपाकघरात गेल्या, की घातली मी छिन्नी. म्हटलं, "शार्दूल, तुला म्हणून सांगतो, रश्मीचं अजून जरा मागेपुढे चाललंय बरं का." पोरगं शांत! चहा संपवला आणि म्हणाला, "असू दे काका. घेऊ दे तिला वेळ. मी थांबेन." टाका जागचा हलला नाही! माझ्या जागी दुसरा कुणी असता तर तिथंच थांबला असता, पण तुम्हाला सांगतो, सांध्याला दोन बाजू असतात, एकच बघून सही कशी करणार? तो गेल्यावर रश्मीला म्हटलं, "शार्दूल मला म्हणत होता, लग्नाची एवढी काय घाई..."

तुम्हाला वाटेल, रडली असेल. छे! माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. "तू बाबांना असं म्हणालास?" तिकडून तो, "नाही गं. मला वाटलं, तूच त्यांना काही बोललीस." रश्मीनं फोन ठेवला. ही माझ्याकडे बघतेय. ओरडली असती तर परवडलं असतं हो! एवढंच म्हणाली, "बाबा, तुमचा शब्द मी आजपर्यंत कधी तपासून नाही घेतला." आणि आत निघून गेली.

आमच्या शेजारच्या शेडमध्ये ज्ञानेश असतो, तांब्याच्या नळ्या जोडतो, ब्रेझिंग म्हणतात त्याला. त्याला म्हटलं, राव, मी तिच्या भल्यासाठीच केलं ना? तर म्हणतो, "भावा, आमच्याकडं नळ्या वितळवत नाहीत. मधली काडी वितळते, ती आपोआप फटीत झिरपते. अन् तपासायला हातोडा नाय लागत. हवा भरायची, पाण्यात बुडवायचं, अन् बुडबुडा येतो का बघत गप बसायचं. तुला गप बसायला काय झालतं?" आता गप बसणं शिकवलंय कुणी आम्हाला? आमच्या विभागात गप बसलेला माणूस म्हणजे झोपलेला माणूस!

लग्न ठरलं हो, थाटात ठरलं. शार्दूल अजून वाकून नमस्कार करतो. रश्मीही बोलते, बोलत नाही असं नाही... पण काल मी सांगितलं, "कार्यालय छान आहे, मी स्वतः बघून आलोय." "बरं," म्हणाली. आणि सुमेधाकडे वळून हळूच, "आई, तूही एकदा बघून ये ना."

टाका पक्का आहे त्या दोघांचा, आत्ता सही करून देतो! पत्रा मी होतो, हे मात्र ठोकल्याशिवाय कळलं नाही.