आठव्या ठिकाणचा गाळ

आदरणीय अध्यक्ष महोदया, सागर संशोधन केंद्राहून एवढ्या लांब आलेले पाहुणे, आपले नगराध्यक्ष, स्कारव्हिकच्या गावकरी बंधू-भगिनींनो, आणि आजच्या समारंभाच्या सत्कारमूर्ती सोल्फ्रिड हेनिंगसेन,

मी ओड्वार ब्रात्ली. भाषण हा माझा प्रांत नव्हे. एकतीस वर्षं मी सोल्फ्रिडला बोटीतून खाडीत नेलं आणि परत आणलं, एवढ्याच पुण्याईवर मला इथे उभं केलंय.

नगरपालिकेने दिलेल्या मानचिन्हावर खेकडा आहे, हे तिने पाहिलंच असेल. सोल्फ्रिड, मनावर घेऊ नकोस. आपल्याकडे दुसरं मानचिन्हच नाही.

पाहुण्यांसाठी तिचं काम थोडक्यात सांगतो. दर ऑगस्टला खाडीतल्या ठरलेल्या अकरा ठिकाणी आम्ही लोखंडी जबडा तळाला सोडायचो. तो घासभर गाळ वर आणायचा. सोल्फ्रिड तो चाळणीत धुवायची आणि चाळणीत राहील तो जीव मोजायची. पहिल्या वर्षी, म्हणजे ब्याण्णव साली, सुळक्याखालच्या आठव्या ठिकाणी एका घासात त्रेसष्ट जातींचे जीव निघाले. शिंपले, समुद्रकाकड्या, काटेरी गोळे, नळीत राहणारे किडे, आणि लांब लवचिक हातांचे तारामासे, एकमेकांत गुंतलेले. अख्खी दुपार गेली. मी म्हटलं, "अगं, जेवायचं का आज?" ती म्हणाली, "तू जेव. इथे माझ्याकडे पाहुणे आलेत."

मग पूर्वेकडून ते मोठे लाल खेकडे आले. ते कसे आले, हे या सभागृहात कुणाला सांगायला हवं? त्यांच्या पैशांनी आपली घरं रंगवली. माझंही रंगवलं. पण चाळणीत दरवर्षी काहीतरी कमी व्हायचं. आधी काटेरी गोळे गेले, मग मोठे शिंपले. एका ऑगस्टला तारामाशाचा नुसता एक तुटका हात आला. सोल्फ्रिडने तो तळहातावर घेतला. नोंद करायलाही विसरली. मीच आठवण करून दिली.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये याच सभागृहात सभा झाली. जुन्यांना आठवत असेल. सोल्फ्रिडचं मागणं एकच होतं: आपल्या खाडीतले खेकडे मर्यादा न ठेवता काढून टाका, माद्यासुद्धा सोडू नका. पाच वर्षं तळाला उसंत मिळाली, तर बाहेरच्या समुद्रातून पिल्लं वाहत येतील आणि पुन्हा रुजतील. गावाला मात्र खेकडे राखायचे होते. तिने टेबलावर दोन बरण्या ठेवल्या होत्या, एक पहिल्या वर्षाची आणि एक ताजी. कॉफीचे कप हातात घेऊन लोक नुसते बघून गेले.

तिचा सख्खा भाऊ आइलिफ उठला. तो आज इथेच बसलाय, आणि हे सांगायची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. तो म्हणाला, "सोल्फ्रिड, हे किडे कुणी पावाला लावून खातं का?"

सभागृह हसलं. ती शांतपणे म्हणाली, "हॅडॉक मासा खातो. आणि हॅडॉक तू खातोस."

"आता मी खेकडा खातो," आइलिफ म्हणाला. पुन्हा हशा.

मग हात वर करून मतं झाली. तिच्या बाजूने चार, विरोधात एक्केचाळीस.

पुढे काय झालं, ते आपण भोगतोच आहोत. खायला काही उरलं नाही, तेव्हा खेकडे पोकळ निघू लागले, मग पश्चिमेला सरकले. आइलिफ आता दोन दिवसांच्या वाटेवर जाऊन सापळे टाकतो. हॅडॉक खाडीत फिरकत नाही. गाळ उकरणारं कुणी राहिलं नाही म्हणून तळ काळा पडलाय, त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. तीन वर्षांपूर्वी मी तिला विचारलं, "आता तरी बाहेरून काही येईल का गं?"

ती म्हणाली, "बाहेर कुठून? बाहेरही हेच आहे."

गेल्या ऑगस्टला आम्ही शेवटचे गेलो. मोजणी बंद करण्याचं पत्र तोवर आलं होतं. आठव्या ठिकाणी दोन जातींचे किडे निघाले, बाकी काळा चिखल. तिने तो तेवढ्याच काळजीने धुतला, बरणीत भरला, चिठ्ठी लावली. मी बोटीचं इंजिन बंद केलं. एकोणीस वर्षं मनात होतं, ते बोललो. सभेच्या आदल्या दिवशी त्याच बोटीत मी तिला शब्द दिला होता की मी तुझ्या बाजूने उभा राहीन. पण खेकड्याचे नवे सापळे मी बनवायला सांगून ठेवले होते. त्या एक्केचाळीस हातांत माझाही हात होता. ते मी तिला सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी समोरच उभी होते."

"मग कधी बोलली का नाहीस?"

ती हातमोजे धूत होती. म्हणाली, "बोट तुझी होती, ओड्वार. दुसरी बोट नव्हती."

एकतीस वर्षं मी तिला माझी मैत्रीण समजत होतो.

उद्या ती लेकीकडे ट्रॉन्धाइमला जाईल. तिच्या बरण्या तळघरात राहतील. त्या कोण उघडणार, मला ठाऊक नाही. अध्यक्ष महोदयांनी बोलू दिलं, कॉफी आणि लेफ्सेच्या पोळ्या करणाऱ्या बायकांनी सकाळपासून कष्ट घेतले, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. बाकीच्याची क्षमा मी तिच्याकडे मागितली नाही, तुमच्याकडेही मागत नाही.