अर्धा कोयता

(नेकनूर, दुपार. लॅपटॉपपुढे मंजुषा, मांडीवर तिची सहा महिन्यांची सायली. शेजारी गावच्या आशा आरोग्य कार्यकर्त्या जानकीबाई, हातात रजिस्टर.)

जानकीबाई : मी तवाच म्हणलं होतं, मंजू, कोयता म्हंजे एक माणूस न्हाई. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. आन् तू काय म्हणलीस?

मंजुषा : "काकू, एवढ्यानं काही बिघडत नाही."

जानकीबाई : मग?

मंजुषा : बिघडलं. अठ्ठ्याण्णव कोयते, आणि माझ्या यादीत अठ्ठ्याण्णव पुरुष. तोडीला गेलेल्या गरोदर बायांची तपासणी चुकू नये म्हणून हा सगळा खटाटोप, आणि यादीत बाईच नाही!

जानकीबाई : आपली सावित्री बी न्हाई?

मंजुषा : नाही.

जानकीबाई : आठवा लागलाय गं तिला. दिवाळी झाली की टोळीसंगं गेलती. हे नीट कराया किती दिस?

मंजुषा : एक ओळ. तुम्हीच लिहा.

जानकीबाई : मी? मला कुठं येतंय ते कोडिंग!

मंजुषा : म्हणून तर ही छोटी भाषा केली. आपलेच तीस शब्द : टोळी, फड, कोयता, बाळंतपण. नियम तुम्ही या शब्दांत लिहायचा, त्यावरून आख्खा प्रोग्राम कॉम्प्युटर लिहितो. हं, सांगा.

जानकीबाई : थांब. आधी सायलीच्या नाकाशी धरलेलं बोट काढ. निजलीय ती, श्वास चालूय.

मंजुषा : सवय झालीय, काकू.

जानकीबाई : दे ती कीबोर्डाची पाटी इकडं. को... य... ता... म्हंजे... नवरा आन् बायको. झालं. आता?

मंजुषा : ते हिरवं बटण दाबा.

जानकीबाई : अगं बया! काय धावाया लागलं हे!

मंजुषा : चार हजार ओळी, काकू. तुमच्या एका ओळीवरून. बघा, एकशे शहाण्णव नावं! शोभा, मंगल, द्वारका...

जानकीबाई : सावित्री?

मंजुषा : ...नाही. खाली लिहिलंय, 'सहा नोंदी वाचता आल्या नाहीत. अर्धा : हा शब्द माहीत नाही.'

जानकीबाई : कसा माहीत आसंल? तू शिकवलाच न्हाईस! एकटं माणूस तोडीला गेलं की अर्धा कोयता. सावित्रीचा नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, ती एकटीच तोडती.

मंजुषा : हे मला आधी का नाही सांगितलं?

जानकीबाई : तू इचारलंस कधी?

मंजुषा : चुकलं. लिहा.

जानकीबाई : अर्धा कोयता म्हंजे एक माणूस, बाई नायतर गडी. दाबू?

मंजुषा : दाबा.

जानकीबाई : ...मंजू, ही बघ! सावित्री! माझ्या रजिस्टरातल्यावानी, म्हयन्यासकट!

मंजुषा : दोनशे दोन! एकही नोंद बाकी नाही! काकू, जिंकलो आपण!

जानकीबाई : हळू, पोरगी उठंल. आन् जिंकलो कसलं, ती हाय कुठं?

मंजुषा : टोळी आप्पाराव मुकादमाची. कालच त्यांनी उसाचा फड कुठं ते कळवलंय, कराडच्या अलीकडं. तिथल्या आशाताईंचा नंबरही सापडला. निरोप काय लिहू?

जानकीबाई : सरकारी नगं लिहू. मी बोलते तसं लिही. मग वाचून दाखव.

मंजुषा : "वाचणाऱ्या ताई, तुमच्या गावच्या फडावर आमची सावित्री हाय. आठवा महिना. लाजाळू हाय, दुखलं तरी सांगायची न्हाई. आज तेवढं जाऊन तिला बघून या."