नसलेला खालचा अर्धा

पेढे? ठेवा, ठेवा तिथं टेबलावर — हात खडूचे आहेत माझे — पण दत्तारामभाऊ, पेढे कसले हो? बारावीची परीक्षा मार्चमध्ये, तुमच्या नलिनीनं काय आधीच पास होऊन दाखवलं? ...नोकरी. बरं. सीप्झमध्ये, अंधेरीच्या त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत. उभे का, बाकावर बसा ना. नाही हो, रागावले नाही, आवाजच असा आहे माझा, बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. इतके दिवस क्लासला आली नाही तेव्हा मला वाटलं ताप असेल, सगळ्या मालाडभर आहे सध्या — आणि ही तिकडे आरे कॉलनीतून बसनं रोज कारखान्यात! काय करायचं असतं तिथं? मायक्रोस्कोपखाली केसाएवढ्या तारा जोडायच्या. डोळे तपासून कामावर घेतलं म्हणता? घेणारच. ते डोळे मला माहीत आहेत.

जरा फळ्याकडे बघा. तो कोपरा — तिचं अक्षर आहे ते. पुसलं नाही मी. म्हणजे, राहून गेलं. तुम्ही गिरणीत मागावर होता ना, संप होईपर्यंत? मग तुम्हाला कळेल. मागात सूत घातलं तर चालतं, काथ्या घातला तर माग मोडतो — हो ना? काय आत घालता येतं ते ठरलेलं, त्याला आम्ही म्हणतो डोमेन. आणि बाहेर जे काही येऊ शकतं, ती रेंज. तुमच्या मागातून कापडच येणार, चपला नाही येणार. झालं, एवढंच आहे ते, पोरं उगाच घाबरतात. आता हा वक्र बघा, आडव्या पडलेल्या घोड्याच्या नालेसारखा. पण आपलं गणित आहे वर्गमुळाचं, आणि वर्गमुळातून उणे काही बाहेर येतच नाही, म्हणून नालेचा वरचा अर्धाच आपला. खालचा नाही. नाहीच तो! गणित काय, तर ही तिरकी रेषा वक्राला स्पर्श करते का. सगळी पोरं काय करतात — दोन्ही बाजूंचा वर्ग करतात, मूळ घालवतात, एकच उत्तर निघालं, म्हणजे एकाच जागी गाठ पडली, की लिहितात, ‘स्पर्श करते’. गाइडमध्येही तेच छापलंय. आणि तुमची नलिनी, कधी हात वर न करणारी, उठून म्हणाली, बाई, स्पर्श होतो तो खालच्या अर्ध्याला, आणि तो तर आपल्याकडे नाहीच. वर्ग केल्यामुळे तो मागच्या दारानं आत आला. — मागच्या दारानं! मी खडू धरून उभी. सगळा वर्ग हसत होता तिला.

हे काही शिकवून येत नाही हो. इतकी वर्षं मी शिकवतेय, पोरं पास होतात, इंजिनीअर होतात, पेढे आणतात — पाठ करून होतात सगळी. गणिताकडे नीट बघणारं कुणी मला मिळालं नव्हतं. एक मिळालं. म्हणून म्हणते, नोकरी करू दे, मी कुठे नको म्हणते, पण पेपर तेवढे देऊ दे. सुटल्यावर येऊ दे, मी थांबेन, जेवायला घालेन, घरी आणून सोडेन — ओव्हरटाइम. रोज? मग रविवारी — रविवारीही. आणि परीक्षेची रजा? हं. नव्या मुलीला कोण देतंय, दारात दुसऱ्या दहाजणी उभ्या. आणि गिरणी... नाही, नाही विचारत. तुमच्या तोंडाकडे बघून कळतंय.

पण तिला विचारलंत का? तिला काय वाटतं? ...तीच म्हणाली? परीक्षा नको, म्हणून? स्वतः? काय म्हणाली नेमकं — नाही, नका सांगू. म्हणाली असेल. तिनं घराकडेही तसंच बघितलं असणार, नीट, शेवटपर्यंत. तिला दिसलं असेल काय येऊ शकतं आणि काय नाही. आम्हालाच दिसत नाही, आम्ही आपले ‘पेपर देऊ दे, पेपर देऊ दे’. खोटं कशाला बोलू भाऊ, हे सगळं मी तिच्यासाठी बोलत नव्हते. मला ती समोरच्या बाकावर हवी होती. बस. इतकंच.

खाली उभी आहे? मग वर का नाही आली? ...लाज वाटते. माझी? नको, हाका मारू नका. आली तर मी काय बोलू तिच्याशी? अभिनंदन म्हणू?

उठा तुम्ही. दुसऱ्या बॅचची मुलं येतीलच आता, आज त्यांनाही हेच गणित घ्यायचंय. तो डस्टर द्या इकडे. — हं. गेलं. किती पटकन जातं. वर्ग करायचा, एक उत्तर, रेषा स्पर्श करते, पूर्ण मार्क. आता कोण उठणार आहे मध्येच?

पेढे राहू देत, मुलांना वाटेन. जाताना दार तेवढं ओढून घ्या.