नोदिरचा नान

मंझुरा : पाणी मागितलंत, दिलं. फोन चार्जिंगला लावून झाला. हात धुऊन झाले. तुतीखाली टेकायची परवानगीसुद्धा झाली. आता ज्यासाठी आलात ते मागा, पाहुणेबाई.

होसियत : फार त्रास देतेय ना, ओपा? माफ करा.

मंझुरा : त्रास कसला! ओपा म्हणालात, म्हणजे थोरली बहीणच केलीत मला. बुखाऱ्यात पाहुण्यांना खोल्या देऊनच पोट भरते मी. जर्मन लोक येतात, तेसुद्धा इतकी अदब करत नाहीत. खोली हवीय का?

होसियत : नको. एक खोली नुसती बघायची होती. ती पडद्यामागची. जरा दारातूनच.

मंझुरा : पडद्यामागे खोली आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

होसियत : माझा जन्म तिथला, ओपा.

मंझुरा : अगंबाई! रोझियाबीबींची मुलगी तू? मग फाटकातच सांगायचं ना! परक्यासारखी पाणी काय मागत बसलीस? कशा आहेत बीबी?

होसियत : चमचाभर चहा जातो, तेवढाच. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा आता.

मंझुरा : अरे देवा.

होसियत : घर विकताना तिनं तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती. आठवते?

मंझुरा : ...दारावरचा नान.

होसियत : हो. माझा भाऊ नोदिर सैबेरियात कामाला निघाला, तेव्हा त्यानं नानचा एक घास दातानं तोडलेला. उरलेला आल्यावर संपवायचा, म्हणून टांगला. आम्ही नुकूसला गेलो तरी तिनं तो हलवू दिला नाही. म्हणाली, ज्या दारातून गेला त्याच दारातून येईल.

मंझुरा : किती वर्षं झाली गं?

होसियत : बारावं चाललंय. त्याचा फोन बंद होऊन नऊ झाली. तरी आई रोज विचारायची, नान आहे ना जागेवर? मी म्हणायची, आहे. परवा मात्र म्हणाली, जा, काढून आण. चहात भिजवून दे. तो काही यायचा नाही, त्याचा घास उरायला नको. मीच संपवते.

मंझुरा : म्हणजे बीबींनीसुद्धा...

होसियत : सोडली आशा. तेव्हा, ओपा, जरा स्टूल देता का? मीच काढते. तुम्ही उठू नका.

मंझुरा : बस. आधी बस खाली.

होसियत : का?

मंझुरा : नाही तो. गिलाव्याच्या वेळी कामगारांनी उतरवून कोनाड्यात ठेवला. मी बघेपर्यंत उंदरांनी अर्धा फस्त केला होता. उरलेला भिजवून कबुतरांना घातला. कचऱ्यात नाही गं टाकला, तेवढी पापी नाही मी. कळवायचं होतं. पण अशी गोष्ट फोनवर कोणत्या तोंडानं सांगायची?

होसियत : बरोबर आहे. कशी सांगणार.

मंझुरा : बोल ना मला काहीतरी. शिव्या दे.

होसियत : काय बोलू? मी बोलले तर तुम्हाला वाईट वाटेल, एवढंच.

मंझुरा : स्वयंपाकघरात वाळलेले नान आहेत, सुरव्यासाठी ठेवलेले. त्यातला एक ने. कड मोड. बीबींना दिसतं का आता?

होसियत : नाही. पण बोटानं चाचपेल. नोदिरचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. चावल्याच्या खुणेत मधेच एक उंचवटा राहायचा.

मंझुरा : तिथं चुलीवर जो चावलेला नान टांगलाय, त्याच्याकडे बघू नकोस, होसियत.

होसियत : नाही बघत.

मंझुरा : तो माझ्या लेकाचा, जसूरचा आहे. दोन वर्षं झाली, कझानला आहे. तो सोडून घरातलं काहीही माग.

होसियत : तो कोण मागेल, ओपा? असा कुणी मागतं का? मला साधाच द्या. गाडीत वेळच वेळ आहे. नखानं करेन उंचवटा.

(फोन वाजतो. वायर आखूड म्हणून तो तिथेच, भिंतीपाशी मोठ्या आवाजावर लावला आहे.)

रोझिया : पोचलीस का गं?

होसियत : पोचले, आई.

रोझिया : आहे?

होसियत : ...आहे.

रोझिया : बुरशी?

होसियत : नाही. कोरडा ठणठणीत आहे.

रोझिया : नीट रुमालात बांध. मंझुराला म्हणावं, एवढी वर्षं सांभाळलास, देव तुझं भलं करो. ऐकतेय का ती?

मंझुरा : ऐकतेय, बीबी.

रोझिया : रडतेस कशाला? होसियत, अजून एक काम कर. तो खिळाही उपटून टाक. उगीच कुणाच्या नजरेला पडायला नको.

होसियत : हो, आई. ठेवते.

मंझुरा : त्या खिळ्यावर आता मिनाराचं चित्र लावलंय गं. पाहुण्यांसाठी.

होसियत : पडद्याच्या फटीतून दिसतंय इथून. ओपा, एवढा एकच त्रास. घरात पक्कड असेल का?