भिंतीबाहेरचा स्विच

वीज कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे दोघं होते. एक फाइलवाले काका आणि त्यांच्यामागे कमरेला रबरी हातमोजे खोचलेला लाइनमन.

"छपरावर सोलर बसवलं, तर म्हणे तुम्हा लोकांना ते बाहेरून तोडता यावं म्हणून भिंतीबाहेर कुलपाचा स्विच लावा. कशाला? लाइन गेली की आमचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, छपरावरची वीज बाहेरच्या तारेत जातच नाही."

"होतो?"

"तसं कागदावर छापलंय. स्विचवाल्याचं आणि तुमच्या साहेबांचं साटंलोटं असणार, दुसरं काय!"

"असेलही. पण काका, बंद झालेला तुम्ही कधी पाहिलाय?"

"पाहायचंय काय त्यात? मशीन एवढं भारी, की मंगळवारी दुपारी अख्खी गल्ली घामाघूम, आणि आमचा पंखा गरगर फिरतोय!"

"बॅटरीवर?"

"छे! बॅटरी घेतलीच नाही. थेट छपरावरून."

"घर कुठलं तुमचं?"

"पाण्याच्या टाकीमागचं. का हो?"

"मंगळवारी टाकीमागच्या खांबावर मीच होतो. लाइन स्वतः बंद करून चढलो, तरी शॉक बसला. साहेब म्हणतात, तुला भास झाला."

"…तुम्ही हे आता आत सांगणार?"

"मी कशाला? तुमचाच नंबर आधी आहे. तुम्हीच सांगा. पंख्याचं तेवढं विसरू नका."