छत्री खाली ठेव

कनका: नाही रे कन्ना, बाळा. हिला मी मारणार नाही.

गिरिधर: अत्ते, मारायचं म्हणजे काय, लाल बटण दाबायचं. आत्तापर्यंत मस्त खेळलीस की. दृष्टीचे भोपळे फोडलेस, मुंडकं काखेत घेऊन फिरणारा सांगाडा छत्रीनं उडवलास. हसतसुद्धा होतीस.

कनका: ते भोपळे होते. आयुधपूजेला आपण रस्त्यावर फोडतोच की. धर हे तुझं, मज होणार नाही.

विद्युलता: काय झालं? मी कॉफी आणेपर्यंत खेळ संपलासुद्धा? आत्या, घाबरलात की काय?

कनका: ह्यात घाबरण्यासारखं काय आहे ग? ह्याचं वटवाघूळसुद्धा गालात हसतं.

गिरिधर: तसंच हवंय मला. भुतं पाहिजेत, मारामारी पाहिजे, पण कुठल्या पोरानं आईला झोपेतून उठवता कामा नये.

विद्युलता: तुम्ही जन्मात कधी असला खेळ खेळला नाहीत, म्हणून तर गिरीनं तुम्हांला बसवलं. नवख्या माणसाला जमतं का, ते बघायचं असतं. कुठे अडलात सांगा.

कनका: अडले नाही मी. ही बाई कोण, ते आधी सांगा.

गिरिधर: बॉस आहे ती. म्हणजे त्या घरातलं शेवटचं, सगळ्यात दांडगं भूत. हिला हरवलं की पुढचं दार उघडतं. ती चकलीसारखे मुरुक्कू फेकून मारते, आपण छत्रीनं टोले द्यायचे. पुरेसे टोले बसले की तिची मोगऱ्याची फुलं होतात. रक्त नाही, काही नाही.

विद्युलता: सगळ्यांची लाडकी आहे ती, आत्या. पोस्टरवर तीच. पब्लिशर कॅनडाचा, त्याला मुरुक्कू म्हणजे काय हे ठाऊक नाही, पण हिचं ते थरथरणं बघून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला.

कनका: नाकात दोन्ही बाजूंस चमकी. काष्ट्याचं लुगडं. गजरा एकाच खांद्यावर ओढून घेतलेला. गिरी, कोणास पाहून काढलीस ही?

गिरिधर: रागावणार नसलीस तर सांगतो.

कनका: सांग.

गिरिधर: देवघराच्या कपाटातला फोटो. सकवारबाईंचा.

विद्युलता: कोण सकवारबाई?

गिरिधर: अप्पांची पहिली बायको. आई यायच्या कितीतरी आधीची. ताप येऊन गेली, एवढंच मला ठाऊक. आपल्या लग्नाच्या आधी नाही का, पाटावर नवं लुगडं ठेवून पान वाढलं होतं? सवाष्ण गेलेली बाई, घरातल्या कार्याचं पहिलं आमंत्रण तिला. ते हिचंच.

विद्युलता: हां, आणि मग ते लुगडं आत्यांना दिलं. शुक्रवारी तुझ्या बहिणीच्या, जयंतीच्या लग्नासाठी पुन्हा तेच करायचंय ना? आई आणि जयंती टी. नगरच्या बाजारात गेल्यात त्या लुगड्यासाठीच की.

कनका: गेल्यात तर गेल्यात. मी ते घेणार नाही.

गिरिधर: अत्ते, एका चित्रासाठी? इतकुसं चित्र, नुसते ठोकळे आहेत!

कनका: एका हातानं पान वाढायचं, दुसऱ्या हातानं टोले घालायचे. आणि ते लुगडं मी नेसू?

विद्युलता: आत्या, ऐका माझं. फोटोवरून काढलं हे चुकलंच त्याचं. पण सोमवारी गेम द्यायचाय. सिरुसेरीच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून हा माणूस ह्या एवढ्याशा खोलीत मान मोडून बसलाय. आपण लुगड्याचा रंग बदलू, चमक्या पुसू, अंबाडा घालू. कोणाला कळणार आहे?

कनका: मज चमकीवरून कळलं नाही, विद्युलते. थरथरते, त्यावरून कळलं.

गिरिधर: ती थरथरत नाही अत्ते, ती युक्ती आहे. बघ, थांबवून दाखवतो. दोनच चित्रं आहेत. एकात ती जराशी डावीकडे, एकात जराशी उजवीकडे. भराभर आलटूनपालटून दाखवली की थरथरल्यासारखं दिसतं. जुन्या खेळांत असंच करायचे, जास्त चित्रं मावायचीच नाहीत. भूत जिवंत वाटावं एवढ्यासाठी.

कनका: जिवंत होती तेव्हा अशीच थरथरत होती ती.

विद्युलता: तुम्ही पाहिलंय?

कनका: मी परकर नेसत होते तेव्हा. कुंभकोणमच्या घरात मागची खोली होती, सामानाची. दिवाळीच्या आधीचा पाऊस लागलेला. वहिनी तिथे जमिनीवर पडून होती. दात वाजत होते, ते मज ओसरीवर ऐकू येत होते. आमची अम्मा, तिची सासू, म्हणाली, सोंग आहे. सणाची कामं अंगावर पडतील म्हणून झोपून राहिली आहे. अम्मापुढे अस्के घर मुकं, लहानथोर सगळे.

गिरिधर: आणि अप्पा?

कनका: ते मागून. आधी तू सांग, हा छत्रीवाला कोण?

गिरिधर: हिरो आहे.

कनका: ते दिसतं. पँटला सायकलची क्लिप लावलेला हिरो मी आणखी कुठे पाहिला नाही.

गिरिधर: अप्पा आहेत.

विद्युलता: हे मला माहीत होतं. ह्यानं अप्पांवर जीव ओतलाय, आत्या. ती चाल बघा, बँकेला उशीर झाल्यासारखी.

गिरिधर: बर्मा बाजारातून टीव्ही गेम त्यांनीच आणला होता मला. आईनं केवढा तमाशा केला होता. बँकेतून आले की सदरा काढायच्या आत माझ्याशेजारी मांडी घालून बसायचे. भुताच्या वाड्याचा खेळ होता एक, तो आम्हां दोघांचा. राक्षस, सांगाडे, सगळ्यांना धडाधड उडवायचे. फक्त बाईचं भूत आलं की बटणांची पेटी माझ्या हातात द्यायचे. म्हणायचे, हिला तू बघून घे. मी चिडवायचो त्यांना, अप्पा घाबरले, अप्पा घाबरले. तेही हसायचे. म्हणून हा हिरो केला, अत्ते. जे त्यांना कधी जमलं नाही ते इथे तरी जमावं. कोणालाच न घाबरणारे अप्पा.

कनका: तो घाबरत नव्हता रे, कन्ना.

गिरिधर: मग?

कनका: सकाळची वेळ. पाऊस. अण्णा, तुझा बाप, बँकेत निघालेला. पँटला क्लिप, हातात छत्री. मागच्या खोलीच्या उंबरठ्याशी आला आणि उभा राहिला. वहिनी म्हणाली, फार थंडी वाजते, काही पांघरायला द्या. मी तिच्या उशाशी पाणी घेऊन बसले होते, म्हणून ऐकलं. अण्णानं छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अम्मा ओरडली, उशीर होतोय, तिच्या सोंगाला भुलू नको, जा. आणि तो गेला.

विद्युलता: गेला म्हणजे? डॉक्टरला आणायला?

कनका: बँकेत.

विद्युलता: अहो, पण...

कनका: डॉक्टर आला तोवर काही उपयोग उरला नव्हता. मग अस्के गावास सांगितलं, ताप येऊन गेली. खोटं नव्हतं ते. ताप आलाच होता.

गिरिधर: तू इतकी वर्षं बोलली नाहीस.

कनका: कोणास बोलू? तुज? तुझा बाप तुज चोखट होता. तुला जरा कढत लागलं तरी रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायचा. तुझी आई म्हणायची, एवढं काय करतात हे साध्या पडशाला. मज कळायचं काय करतो ते.

गिरिधर: माझ्या टायफॉइडला रजा संपली तरी गेले नाहीत बँकेत. आई सांगते अजून. केवढ्या कौतुकानं सांगते.

विद्युलता: गिरी, कॉफी घे.

गिरिधर: नको मला कॉफी. मी त्यांना हिरो केलं, विद्यू. तिच्याच खोलीत पाठवलं आणि तिलाच मारायला लावलं. लोक हसतात बघून. मीही हसलोय.

कनका: तुज ठाऊक नव्हतं.

गिरिधर: त्यांना ठाऊक होतं ना! एकदा तरी सांगायचं. मी मोठा झालो होतो. शेवटी आजारी होते तेव्हा रोज बसलो होतो शेजारी.

कनका: लाज वाटली असेल. मजही राग येतो त्याचा, अजून येतो. आणि त्याच रागात तो आठवला की रडूही येतं. माझा अण्णा होता तो. ह्याला काय म्हणावं, मज समजत नाही.

गिरिधर: काढून टाकतो तिला. आत्ताच्या आत्ता.

विद्युलता: आणि सोमवार? खेळातलं तिसरं घर तिच्यावरच उभं आहे. पोस्टर छापायला गेलंय.

गिरिधर: गेलं तर गेलं.

कनका: काढू नकोस.

गिरिधर: अत्ते, तुलाच तर बघवत नाही ना.

कनका: काढून टाकण्यात आपलं घर पटाईत आहे. तुझी आई यायची होती तेव्हा भिंतीवरचा फोटो काढून कपाटात ठेवला. घरात लग्न निघालं की एक दिवस बाहेर, जेवली की परत आत. इथे निदान पोरं तिला बघतात. हसतात तर हसू देत, ती होतीच हसरी. मुरुक्कू तर असे करायची की तोंडात विरघळायचे. मज बघवत नाही ते एवढंच, हा तिला छत्रीनं मारतो ते.

विद्युलता: म्हणजे अप्पांनी न मारता...

कनका: त्यानं मारलं नव्हतं ग तिला. उभा राहिला आणि गेला. जे केलं ते पुरे आहे, जे केलं नाही ते त्याच्या अंगावर कशास?

गिरिधर: मग काय करू दे त्याला? खोलीत आला आहे, दार मागून बंद झालंय, समोर ती. काहीतरी केल्याशिवाय खेळ पुढे कसा जाणार?

कनका: ती काय मागत होती, ते सांगितलं मी.

विद्युलता: पांघरूण.

गिरिधर: काय?

विद्युलता: पांघरूण दे ना, गिरी. दाराशी एक पेटी ठेव, त्यात पांघरूण. मुरुक्कू चुकवत तिच्यापर्यंत जायचं आणि अंगावर घालायचं. बॉस ती बॉसच राहिली. उलट अवघड झालं, टोले देता येत नाहीत, नुसतं जवळ जायचंय.

गिरिधर: जमणार नाही. हिरोला एका वेळी एकच वस्तू धरता येते. सगळा खेळच तसा लिहिलाय. छत्री हातात असताना पांघरूण उचलताच येणार नाही.

कनका: मग छत्री खाली ठेवू दे की त्याला.

विद्युलता: एक सांगते, पब्लिशर कटकट करणार. त्यांना ती फुलंच हवीत.

गिरिधर: पांघरूण पडल्यावर होतील फुलं. नाही. फुलं नकोतच. ती थरथरायची थांबेल. तिसरं चित्र लागेल त्याला, न हलणारं.

विद्युलता: आणि ते नाही म्हणाले तर?

गिरिधर: तर ते नाही म्हणाले.

विद्युलता: बरं. त्यांच्याशी मी बोलेन. तू बोललास तर भांडशील. आणि आत्या, शुक्रवारचं? जयंतीला काय सांगू? मगाशी तिनं दोन लुगड्यांचे फोटो पाठवलेत, विचारतेय कुठलं घेऊ.

कनका: वहिनीस अरक्कू रंग आवडायचा. पिकल्या जांभळाला जरा तांबडं मिसळलं की होतो तो. तो घे म्हणावं. मी नेसेन की नाही, ते हिची थरथर थांबली की सांगते.

(वेलचेरीच्या त्या फ्लॅटमध्ये बराच वेळ नुसती बटणांची टकटक चालते. निवलेल्या कॉफीवर साय धरते. गिरिधर अत्तेकडे न बघता काम करतो, कारण बघितलं तर हात थांबेल हे त्याला ठाऊक आहे. लुगड्याचा रंगही तो बदलतो.)

गिरिधर: धर, अत्ते. कच्चं आहे अजून, पण चालेल. हिरवं बटण दाबलं की हातातलं खाली.

कनका: दाबलं. ठेवली बघ छत्री.

गिरिधर: आता ती पेटी. तशीच सरक.

कनका: घेतलं पांघरूण. हिचे मुरुक्कू लागले तर?

गिरिधर: लागले तर पडतील अप्पा. मग पुन्हा दारापासून.

कनका: कितीदा?

गिरिधर: पाहिजे तितक्यांदा. ते मीच बदललं. आधी मोजकेच जीव होते.

कनका: हे चोखट केलंस. पण हा दारातच का उभा राहिला? बिघडलं काय?

गिरिधर: बिघडलं नाही. उजवा बाण दाबल्याशिवाय ते हलणार नाहीत. तुझ्या हातात आहे.

विद्युलता: आत्या, आधी डोळे पुसा. असं काही दिसायचं नाही तुम्हांला.

कनका: दिसतं मज. ती तिथे, हा इथे. चारच पावलं आहेत.

गिरिधर: दाब, अत्ते.

कनका: जा की रे अण्णा, आत जा. आज अम्मा घरात नाही.