इकडे पंचावन्न, तिकडे पंचाहत्तर

मी, वर नाव नोंदवलेली, वय ५२ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार हद्दीच्या नाल्याला लागून असलेल्या घरात, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील घरात मी व माझे पती राहतो. पती घड्याळे दुरुस्त करतात. स्वभावाने शांत आहेत, कोणाशी वैर नाही. नाल्यापलीकडे शेजारच्या शहराची हद्द लागते. तेथे आठ महिन्यांपूर्वी पत्र्याचे डबे बनवण्याचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून आमची मांडणीवरची भांडी दिवसभर वाजतात व पतींना हातातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही.

पतींनी मीटर आणून खिडकीत आवाज मोजला. एकाहत्तर डेसिबल भरला. आमच्या शहरात घरवस्तीला दिवसा पंचावन्नची मर्यादा आहे, पलीकडे कारखान्यांना पंचाहत्तरची. आमच्या कार्यालयाने सांगितले, यंत्र पलीकडे आहे. पलीकडच्यांनी सांगितले, कान तुमच्याकडे आहेत.

मग पतींनी दोन्ही शहरांचे नियम आणून ओळीने वाचले. परवा सोमवारी त्यांना पलीकडच्या नियमांत एक कलम सापडले. शंभर मीटरच्या आत घर असेल, मग ते कोणत्याही शहरातले असो, तर कारखान्यालाही पंचावन्नच. नाला चाळीस पावलांचा आहे. त्या दिवशी पती पोटभर जेवले.

मी म्हणाले, अर्ज टाका आणि गप्प बसा. कारण कारखान्याचा मालक मागे एकदा दारात येऊन, हसत हसत, जपून राहा असे सांगून गेला होता. पती म्हणाले, "कारखाना बंद पडला तर वीस घरांच्या चुली विझतील. आधी त्याला तोंडी सांगतो. यंत्र मागे सरकवलं तरी पुरे."

काल मंगळवारी सकाळी दहा वाजता ते कागद घेऊन पुलावरून गेले. मी खिडकीत होते. साडेदहाला यंत्र थांबले. कामाच्या वेळी ते याआधी कधीच थांबले नव्हते. अकराला पुन्हा सुरू झाले.

दोन वाजले तरी पती आले नाहीत म्हणून मी कारखान्याच्या गेटवर गेले. मालक म्हणाला, "ते केव्हाच गेले, वहिनी. आपल्या पायांनी चालत गेले." मी परत फिरले तेव्हा एका कामगाराने पतींचा चष्मा माझ्या हातात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना पायरीसुद्धा दिसत नाही.

पलीकडच्या पोलिसांनी तक्रार घेतली नाही. राहतात तिकडे द्या म्हणाले. म्हणून आज येथे आले.

जबाब मला वाचून दाखवला. एके ठिकाणी ‘स्वभावाने शांत होते’ असे उतरले होते, ते मी ‘आहेत’ असे करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे.